पटावरची पंधरावी

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला आणि अश्विनीच्या शाळेला जागा सोडावी लागली. जागा म्हणजे कांद्याची चाळ. वर पत्रा, चारी बाजूंनी तट्टे, खाली सारवलेली जमीन. निमगाव सावाच्या ओढ्यापलीकडे पंधरा-वीस घरांची वस्ती होती. गावातली शाळा तीन किलोमीटरवर, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की पोरं चार-चार दिवस घरी. म्हणून दोन वर्षांपूर्वी सरकारने वस्तीशाळा दिली. दिली म्हणजे एक गुंडाळफळा दिला, एक हजेरीपट दिला आणि वस्तीतलीच बारावी झालेली एक बाई नेमली. जागा तुमची तुम्ही बघा. तेव्हा अश्विनीच्या नवऱ्याने, पप्पूने, चार माणसांत छाती काढून आपली चाळ देऊ केली होती. त्या साली त्याच्याकडे चाळीत भरायला कांदाच नव्हता, ही गोष्ट वेगळी.

यंदा कांदा होता आणि भाव नव्हता. म्हणजे तो विकायचा नव्हता, साठवायचा होता. पप्पूने एका सकाळी काही न बोलता गुंडाळफळा काढून करंजाच्या फांदीला टांगला, आणि अश्विनी समजली.

सकाळी सात ते साडेदहा करंजाखाली शाळा. मग डोक्याला फडकं बांधून ती रानात बायकांच्या ओळीत बसे. डाव्या हातात कांदा, उजव्यात विळा, पात कापायची, मुळ्या कापायच्या, कांदा पुढे टाकायचा. दुपारपर्यंत बोटं काळी होत, नखांत चीक भरे आणि सकाळचा खडू त्या चिकात जाऊन बसे. सरकारने तिला निमशिक्षिका असं नाव दिलं होतं. निम म्हणजे अर्धी. उरलेली अर्धी कांदे कापत होती, आणि दोन्ही अर्ध्यांना घरात कोणी विचारत नव्हतं असं तिचं मत होतं. ते फारसं चुकीचं नव्हतं.

अशाच एका दुपारी तिचे वडील कुंडलिक पिंपळवंडीहून मोटरसायकलवर आले. द्राक्षबागेचे मालक, साठी उलटलेली, पांढरी टोपी, हँडलला द्राक्षांची पिशवी. बांधावर गाडी लावून ते सरळ पप्पूकडे गेले. पप्पूचं लग्नपत्रिकेवरचं नाव वेगळं होतं, पण ते त्या पत्रिकेवरच राहिलं. सासरे त्याला मजुरांच्या देखत पप्पू म्हणत आणि पप्पू दर वेळी मान खाली घालून पायाचा अंगठा बघे.

"पप्पू, मी म्हणतो श्रेयाला नारायणगावला घालू," कुंडलिक म्हणाले. "आपल्या सार्थकच्या साळंत. इंग्लिश मिडियम. फी, गाडी, कपडे, समदं माझ्याकडं. तुमाला काय बघायचं काम न्हाई."

सार्थक म्हणजे अश्विनीच्या भावाचा मुलगा. शाळेची पिवळी गाडी पिंपळवंडीत त्यांच्या दारात येत होती. ओढ्यापलीकडे ती येणं शक्यच नव्हतं. तेव्हा पोरगी आजोळी राहील, हेही कुंडलिकांनी ठरवून टाकलं होतं. फॉर्म त्यांच्या खिशातच होता.

अश्विनी तिथून सहा हातांवर बसली होती. सगळी ओळ कांदे कापायची थांबली होती, ती एकटी कापत होती.

"आप्पा, मी हितं बसलेय," ती म्हणाली.

"हा मग, तुला सांगायलाच तर आलो."

माझ्या शाळेत काय वाईट आहे, असं तिने विचारलं. श्रेया दुसरीत होती, धडाधड वाचत होती, पाढे सोळापर्यंत तोंडपाठ होते. कुंडलिक म्हणाले, तुझी शाळा चांगलीच आहे, तिला कोण नाव ठेवतंय. पण ती वस्तीची शाळा आहे. असं म्हणून त्यांनी द्राक्षांचा एक घड ओळीतल्या बायकांना वाटायला दिला आणि चहाची वाट बघत बाजेवर बसले.

अश्विनीला राग आला होता, पण तो सगळा आजचा नव्हता. दहा वर्षांपूर्वी बारावीला ती वर्गात पहिली आली होती आणि डी.एड.ला तिचा नंबर संगमनेरला लागला होता. तिथे होस्टेलवर राहावं लागणार होतं. पोरीला घराबाहेर ठेवून लोकांच्या तोंडी द्यायचं नाही, असं कुंडलिक म्हणाले आणि दोन महिन्यांत पप्पूचं स्थळ पक्कं केलं. त्यावर तिने कधी ब्र काढला नव्हता. काढला नव्हता म्हणून तो विषय संपला, असं कुंडलिक समजत होते.

घरी सासूने, कुशाबाईने, हा विषय दुसऱ्या दिवशी सकाळपासून चघळला. सकाळी तिचं म्हणणं पडलं की आजोळाने हौसेने दिलेलं परत करत नसतात. दुपारी भाकरी थापताना म्हणाली, पोटची पोरगी दुसऱ्याच्या दारात कशाला ठेवायची, आम्ही काय मेलोय का. संध्याकाळी पुन्हा सकाळच्या मतावर आली. अश्विनीने पप्पूला विचारलं तर तो म्हणे, तुझा बाप, तुझी पोरगी, मला काय विचारतेस. आणि विचारल्याशिवाय काही केलं असतं तर त्याने चार दिवस बोलणं टाकलं असतं, हेही तिला ठाऊक होतं. सात वर्षांच्या आतल्या पोरीचा प्रश्न होता, आणि पोरगी सोडून सगळी वस्ती त्यात तोंड घालत होती.

दोन दिवसांनी काटणीच्या ओळीत अमिरुन्निसा तिच्या शेजारी येऊन बसली. तिचा नवरा वजीर गावोगाव फिरून पत्र्याच्या पेट्या नि कोठ्या दुरुस्त करायचा, आठ-आठ दिवस घरी नसे. तिची थोरली कौसर दुसरीत होती. शाळेतली सगळ्यात हुशार पोरगी कोण, असं कोणी विचारलं असतं तर अश्विनीने स्वतःच्या पोरीआधी कौसरचं नाव घेतलं असतं.

"बाई, तुमची पोरगी जाणार म्हणं."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या सासूनं. समद्या वस्तीला सांगितलंय." अमिरुन्निसाने कापलेला कांदा ढिगावर टाकला. "आता पंधरा हायेत ना पटावर? चौदा झाले की साळा बंद करत्यात, असं तुमीच मीटिंगला म्हणला व्हता."

अश्विनीने मान हलवली.

"कौसरचा बाप तिला वढ्यापलीकडं धाडायचा न्हाई. मला म्हाईत हाय त्यो. साळा ग्येली की ती घरीच बसंल, शेळ्यामागं." एवढं बोलून ती पुन्हा काटणीला लागली. तिने काही मागितलं नव्हतं, म्हणून अश्विनीला ते जास्त जड गेलं.

पंधरा. हा आकडा अश्विनीच्या मानेवर दोन वर्षं बसला होता. शाळा सुरू करायची तर सहा वर्षांवरची पंधरा मुलं पाहिजेत, असा नियम होता. वस्तीत दारोदार फिरून, म्हशींच्या पाठीवरून पोरं उतरवून चौदा भरली. पंधरावं काही केल्या मिळेना. तेव्हा तिने श्रेयाचं नाव लिहिलं. श्रेया त्या वेळी पाच वर्षांचीही नव्हती. जन्म अकरा सप्टेंबर शहाण्णवचा, ग्रामपंचायतीत रीतसर नोंदलेला. पटावर अश्विनीने लिहिलं, एक जून पंचाण्णव. त्या पटावर निम्म्या पोरांचा जन्म एक जूनचाच होता, कारण त्यांच्या आयांना फक्त तेव्हा पेरणी चालू होती की भात कापणी, एवढंच आठवत होतं. त्यांत आणखी एक जून कोणाच्या डोळ्यांत आला नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी डोकी मोजली, पंधरा भरली, छान म्हणाले, चहा घेऊन गेले. श्रेया पहिल्या वर्षी मागच्या ओळीत बसल्या बसल्या झोपून जायची.

मेच्या सुरुवातीला कुंडलिक तिला आणि श्रेयाला घेऊन नारायणगावला गेले. नुसतं बघून येऊ, बघायला काय जातंय, असं म्हणून नेलं. शाळेला रंगीत भिंती, खाली फरशी, दारात घसरगुंडी. श्रेयाने पायातली चप्पल बाहेर काढली, तेव्हा शिपाई म्हणाला, राहू दे, राहू दे. तिने पुन्हा घातली आणि डावी-उजवी उलटी घातली.

आतल्या मॅडम तशा चांगल्या होत्या. त्यांनी श्रेयाला भिंतीवरची मराठी सूचना वाचायला सांगितली, ती तिने एका दमात वाचली. हातच्याची बेरीज सांगितली, ती बोटं न मोडता केली. मग मॅडमनी नाव इंग्रजीत विचारलं. माय नेम इज श्रेया. त्यापुढचा प्रश्न काय होता ते श्रेयाला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर अश्विनीलाही पुरता कळला नाही. श्रेयाने मागे वळून पाहिलं.

"बाई?" ती म्हणाली.

मॅडमनी विचारलं, बाई कोण?

कुंडलिक हसले. "आईलाच म्हणती. सवय हाय तिला."

शाळेत सगळी पोरं बाई म्हणतात म्हणून तीही म्हणते, ही माझी मुलगी शिक्षिका आहे, असं ते म्हणाले नाहीत. अश्विनीची नजर टेबलावरच्या फॉर्मवर गेली. भावजयीच्या अक्षरात भरलेला होता. आईचा व्यवसाय: घरकाम. तिथल्या तिथे तोंड उघडून सांगता आलं असतं. तिने साडीचा पदर नखांवर ओढून घेतला आणि गप्प बसली. त्या गप्प बसण्याची लाज तिला पुढे कितीतरी दिवस वडिलांच्या हसण्यापेक्षा जास्त बोचत राहिली.

खरा घोळ पुढे क्लार्ककडे झाला. इंग्रजी येत नाही म्हणून तिसरीत घेता येणार नाही, पहिलीत घेऊ, असं मॅडमनी ठरवलं होतं. क्लार्कने कागद मागितले. शाळेच्या कागदावर एक जून पंचाण्णव, ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर सप्टेंबर शहाण्णव. त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि पेनाचं टोपण दोन्हींवर आळीपाळीने आपटलं. ह्यातली खरी कुठली, असं त्याने विचारलं. शाळेची धरली तर पोरगी आठ वर्षांची, पहिलीला मोठी होते. ग्रामपंचायतीची धरली तर अगदी बरोबर बसते. पण मग शाळेच्या रजिस्टरला दुरुस्ती करून आणा. नजर वर करून तो म्हणाला, कुठल्या मास्तरने लिहिलीय ही?

अश्विनीने दोन्ही कागद उचलून पिशवीत घातले.

बाहेर रसवंतीवर कुंडलिकांनी तीन ग्लास सांगितले. श्रेया चरकाजवळ जाऊन ऊस कसा चिपाड होऊन निघतो ते बघत उभी राहिली.

"मास्तरीण व्हऊन खोटी तारीख लिवलीस?"

"पंधरा भरत नव्हते, आप्पा."

"म्हणून पोटच्या पोरीचं वय वाढवायचं?"

अश्विनीने ग्लास बाकावर ठेवला. "मला एक सांगा. तवा संगमनेर लांब व्हतं. होस्टेल वाईट व्हतं. मी अठरा वर्सांची व्हते. आता ही सात वर्सांची पण न्हाई, आन हिला घर सोडून ऱ्हायला चालतंय?"

"आजोळ हाय ते, होस्टेल न्हाई."

"मग असं करा. हिचं ऱ्हाऊ द्या. माझ्यावर घाला पैसे. मी अजून डी.एड. करीन. मला कायम व्हायचं तर ते लागणारच हाय."

कुंडलिकांनी रसातलं बर्फ बोटाने काढून खाली टाकलं. रागावले नाहीत, तेच वाईट झालं. एखाद्या लेकराने आभाळातलं काही मागावं तसं तिच्याकडे बघितलं. "आता तुझं काय ऱ्हायलंय शिकायचं," ते म्हणाले. "तुझा संसार झाला. आता हिचं बघायचं."

अठ्ठावीस वर्षांची होती ती. रसाचा ग्लास तिने तसाच सोडला.

पिंपळवंडीला जेवायला थांबावं लागलं. स्वयंपाकघरात आई, साळुबाई, वांगी चिरत होती. अश्विनीने तिच्यापुढे सगळं ओकलं. साळुबाई ऐकत राहिली, मग बाहेरच्या दाराकडे नजर टाकून हळूच म्हणाली, "त्यो तुझ्यासाठीच करतोय गं."

"माझ्यासाठी? मी माझ्यासाठी मागितलं तर न्हाई म्हणले."

"तुझ्या नावानं न्हाई करता यायचं त्याला. केलं तर तवाचं चुकलं असं म्हणावं लागंल. म्हणून नातीच्या नावानं करतोय. सार्थकची साळा बघून आला तवापासून दोन वर्सं मनात घेऊन बसलाय. मला म्हणला, अश्वी अशा साळंत असती तर लई फुडं ग्येली असती."

"मग एकदा मला म्हणावं ना ते."

साळुबाईने वांग्याची कीड लागलेली फोड बाजूला काढली. "म्हणणाऱ्यातला असता तर मला तरी चाळीस वर्सांत काय म्हणला असता."

अश्विनीला वाटलं, हा माणूस नुसता हट्टी असता तर किती बरं झालं असतं. नाही म्हणून मोकळी झाले असते. आता त्याच्या पोटात चांगलं आहे हे कळलं, आणि ते चांगलं त्याने असं वाकड्या हाताने पुढे केलंय की घ्यावं तरी अपमान आणि न घ्यावं तरी पोरीचं नुकसान. वैताग आला तिला. जेवताना तिने आमटीत पाणी ओतलं आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

घरी आली तेव्हा पप्पू चाळ भरत होता. उघडा, पाठीवर घामाने कांद्याची टरफलं चिकटलेली. पाटीवर पाटी ओतायची, हाताने कांदा पसरायचा, सडका दिसला की मागे भिरकवायचा. तिने कपडे बदलले आणि पाट्या भरून द्यायला उभी राहिली. काम चालू असताना तिने नारायणगावचं सगळं सांगितलं, तारखेचंही. पप्पूने हात थांबवला नाही.

"तुमाला चालंल का पण?" तिने विचारलं. "सासऱ्याच्या पैशानं पोरगी शिकली म्हणत्याल लोक."

"न्हाई चालायचं. लई लागंल मला. पारावर बसणं अवघड व्हईल." त्याने पाटी ओतली. "पर माझं ऱ्हाऊ दे. मला तू एक सांग. ही वस्तीची साळा नसती, तू नुसती घरी असतीस, आन आप्पांनी असं इचारलं असतं, तर काय केलं असतंस?"

तिने पुढची पाटी भरायला घेतली.

"आजच धाडली असतीस. माझं ऐकलं नसतं, आईचं ऐकलं नसतं, धाडली असतीस. म्हंजे तू पोरगी ठिवतीस ती पटासाठी. तिच्यासाठी न्हाई."

अश्विनीने हातातली भरलेली पाटी जमिनीवर आपटली. कांदे गडगडत पार अंगणापर्यंत गेले. आमच्या शाळेचं तुम्हाला काय पडलंय, तुम्हाला चाळ पाहिजे, शाळा गेली तर तुमचं बरंच होईल, असं ती बरंच काही बोलली. पप्पू वाकून कांदे गोळा करायला लागला. मग तीही वाकली, कारण कांदे तिनेच सांडले होते. त्याचं बोलणं खोटं असतं तर तिला एवढा राग आला नसता. आणि तो शहाण्यासारखं बोलला याचाही राग आलाच. दहा वर्षांत दुसऱ्यांदा बोलला असेल.

त्यानंतर आठवडाभर ती कोणाशी धड बोलली नाही. श्रेयाला मात्र एकदा न्हाऊ घालताना विचारलं, तुला ती शाळा आवडली का? श्रेया म्हणाली, तिथे घसरगुंडी आहे. मग थोडा विचार करून म्हणाली, तिथे बेंच आहेत. साबण डोळ्यांत गेला म्हणून तिने रडून घेतलं, आणि त्या प्रश्नाचं तेवढंच उत्तर मिळालं.

मेच्या शेवटी अश्विनी ओढा ओलांडून गावातल्या मुख्य शाळेच्या हेडमास्तरांकडे गेली. वस्तीशाळेचं रजिस्टर त्यांच्या हाताखाली होतं. तिने जन्मतारीख दुरुस्तीचा अर्ज स्वतः लिहून नेला होता. वस्तीवरचा पट पुरा व्हावा म्हणून मी माझ्या मुलीचे वय जाणूनबुजून वाढवून लिहिले, असं त्यात सरळ होतं. हेडमास्तरांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"हे असं नका लिहू, बाई. नजरचुकीने झालं असं लिहा."

"नजरचुकीनं नव्हतं झालं, सर."

"मला माहीत आहे. त्या वर्षी मी काय आंधळा होतो का? तुमच्या पोरीचे दुधाचे दातही हलत नव्हते." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "खरं लिहिलंत तर माझी चौकशी, तुमची चौकशी आणि शाळा उद्याच बंद. नजरचूक लिहा. तीस सप्टेंबरला पट मोजतात. तोवर तुम्हाला चार महिने आहेत."

खोटं लिहिलं होतं ते दुरुस्त करायला आली आणि दुरुस्तीतही खोटंच लिहावं लागलं. तिने लिहिलं, नजरचुकीने. शाळा सोडल्याचा दाखला मात्र हेडमास्तरांनी तिलाच भरायला सांगितला, सही तेवढी त्यांची. विद्यार्थिनीचे नाव, वर्तणूक चांगली, प्रगती चांगली, शाळा सोडण्याचे कारण. कारणापुढे ती बराच वेळ अडली आणि शेवटी इतर सगळे लिहितात तेच लिहिलं, पालकांची इच्छा.

नारायणगावच्या शाळेचा फॉर्मही तिने नवा मागवला आणि स्वतः भरला. आईचा व्यवसाय या रकान्यात शिक्षिका लिहिलं. निम लिहिलं नाही. पिंपळवंडीला निरोप धाडला की पोरगी येईल, पण दर शुक्रवारी संध्याकाळी घरी आली पाहिजे, आणि फॉर्ममधलं एक अक्षर कोणी बदलायचं नाही.

अमिरुन्निसाला तिने स्वतः जाऊन सांगितलं. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा ते बरं. अमिरुन्निसा दारात गोधडी शिवत बसली होती. ऐकून घेतलं, सुई कापडात खोचली.

"तुमचं भागलं, बाई," ती म्हणाली.

चार महिने आहेत, एक नाव मिळवते, दारोदार फिरते, असं अश्विनी सांगत राहिली. अमिरुन्निसाने हूं म्हटलं. ते हूं अश्विनी घरी घेऊन आली.

जूनच्या मध्याला शाळा उघडली. पाऊस नुसताच दाटून येत होता, पडत नव्हता. पप्पूने चाळीच्या एका टोकाला दहा हात जागा मोकळी ठेवली होती. मधे बांबू आडवे बांधून कांदा पलीकडे अडवला होता. कोणी सांगितलं नव्हतं. अश्विनीने विचारलंही नाही, सकाळी उठून तेवढी जागा सारवून घेतली. कांद्याच्या वासात पोरं येऊन बसली. कौसर येईल की नाही याची तिला धाकधूक होती. ती आली, धाकट्या भावाला काखेत घेऊन आली, आणि रोजच्या जागेवर बसली.

साडेआठला मोटरसायकलचा आवाज आला. नारायणगावची शाळा दुसऱ्या दिवशी सुरू होणार होती, कुंडलिक श्रेयाला न्यायला आले होते. कुशाबाईने पिशवी बांधून ओट्यावर ठेवली होती. ते चाळीच्या दारात येऊन उभे राहिले. ही शाळा त्यांनी आजवर कधी चालू असताना बघितली नव्हती.

"श्रे, चल बाळा. ऊन व्हायच्या आत निघू," ते म्हणाले.

श्रेया उठली. अश्विनी फळ्यावर तारीख लिहीत होती. तिने वळून पाहिलं नाही.

"खाली बस," ती पोरीला म्हणाली. मग दाराकडे वळली. घरचं बोलणं तिने बाजूला ठेवलं आणि शाळेत बोलायची तसं बोलली. "शाळा साडेदहाला सुटते. मधून मुलं सोडत नाही मी. थांबायचं असेल तर आत बसा, दारात उभं राहिलं की मुलांचं लक्ष जातं."

पोरांच्या माना दाराकडे वळल्या. कुंडलिकांनी इकडेतिकडे पाहिलं. आत खुर्ची नव्हती, बाजही नव्हती. पोत्याचं तरट अंथरलं होतं. परत फिरून ओट्यावर जाऊन बसले असते तर कोणी काही म्हटलं नसतं. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, तट्ट्याला धरून, गुडघा दाबत, शेवटच्या ओळीत कौसरच्या मागे तरटावर बसले.

अश्विनीने हजेरी घेतली. चौदा नावं. तिने पट मिटला.

"बाई, माझं?" श्रेयाने विचारलं.

तिचं नाव पटावर राहिलं नव्हतं, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. अश्विनीने मिटलेला पट पुन्हा उघडला. ती रडली असती, पण समोर चौदा पोरं आणि बाप बसला होता.

"श्रेया," ती म्हणाली.

"हजर."

मग तिने तिसरीला भागाकार घातला, पहिलीला अक्षरं गिरवायला दिली, दुसरीची कविता घेतली. कौसरने फळ्यावर येऊन भागाकार सोडवला आणि एके ठिकाणी चुकली. अश्विनीने चूक दाखवली नाही, पुन्हा ताळा करून बघ म्हणाली, आणि कौसरने चूक स्वतः शोधली. या सगळ्यात ती मागच्या ओळीकडे बघायचं टाळत होती. एकदा नजर गेलीच. कुंडलिक टोपी मांडीवर ठेवून बसले होते. शेजारच्या लहानग्याची पाटी त्यांच्याकडे झुकली होती, आणि ते बोटाने त्याला अक्षराचं वळण दाखवत होते. ते चुकीचं दाखवत होते.

साडेदहा वाजले. तिने घड्याळ पाहिलं आणि शाळा सोडली, एक मिनिट आधी नाही. पोरं कालवा करत पळाली. कुंडलिकांना उठायला वेळ लागला, तट्ट्याला धरून उठले. श्रेया पिशवी घ्यायला ओट्याकडे गेली. ते टोपी हातातच धरून फळ्याजवळ आले. काहीतरी बोलायचं आहे असा चेहरा होता, आणि अश्विनीला वाटलं, आता म्हणतील. दहा वर्षांनी का होईना, म्हणतील.

"न्हेऊ का आता हिला, बाई?" त्यांनी विचारलं.

थट्टा नव्हती. परवानगीच मागत होते. तिला जे ऐकायचं होतं ते हे नव्हतं, आणि यापेक्षा जास्त या माणसाच्याने व्हायचं नाही, हेही तिला त्याच क्षणी कळलं. तिला भयंकर राग आला, वडिलांचा नाही, एवढ्यावरही आपलं मन भरून आलं याचा.

"न्या," ती म्हणाली. "शुक्रवारी सहाच्या आत आणून सोडायची. उशीर चालणार नाही."